आमच्या बँडना चेहरा का नाही?

बेळगावातल्या एखाद्या कॉलेजच्या फाटकावर, कॅफेच्या काचेवर किंवा हल्ली बहुतेक वेळा कुणाच्या तरी स्टेटसला लागलेलं बँडचं पोस्टर बघा. काळी पार्श्वभूमी, कवटी नाहीतर पंख, काटेरी इंग्रजी अक्षरं आणि खाली धूर. बँड टिळकवाडीतला, शिलाँगचा की फिनलंडचा, हे कळायला कार्यक्रमाचा पत्ता वाचावा लागतो. दुसऱ्या प्रकारच्या पोस्टरवर भगवा, किल्ला, उधळलेला घोडा आणि मागे दाटलेले ढग असतात. ही मंडळी कुठली हे लांबूनच कळतं, पण गाणं कसलं आहे याचा थांग लागत नाही. प्रेमगीत असो, पावसाचं असो की अभंगाचं फ्यूजन असो, पोस्टर मोहिमेवर निघालेलंच.

ही दोन्ही पोस्टरं वरवर एकमेकांच्या विरुद्ध टोकांना दिसतात. माझ्या मते ती एकाच पोटातून आलेली आहेत. सीमाभागात कुठलीही पाटी आधी बाजू म्हणून वाचली जाते, मजकुराची पाळी नंतर येते. पहिल्या पोस्टरने बाजू लपवली, दुसऱ्याने बाजूचंच पोस्टर केलं. या दोहोंच्या मध्ये बँडचा स्वतःचा चेहरा राहून गेला. आणि हा दोष एकट्या पोरांचा नाही. त्यांना स्टेज देणारे, पैसे देणारे आणि पोस्टरवर आपला हक्क सांगणारे आपण सगळे त्यात आहोत.

पाटीचं हे प्रकरण बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. बेळगाव महाराष्ट्रात की कर्नाटकात, हा वाद १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून चालू आहे. १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला, महाराष्ट्राने तो फेटाळला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. एवढं सगळं वर्तमानपत्रात असतं. रोजच्या जगण्यात मात्र हा वाद पाटीवरच दिसतो. २०१४ च्या जुलैत बेळगावजवळच्या येळ्ळूरची ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेली पाटी न्यायालयाच्या आदेशानंतर हटवली, गावकऱ्यांनी पुन्हा उभी केली, ती पुन्हा पाडली, लाठ्या चालल्या. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. २०२४ मध्ये कर्नाटकाने दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड सक्तीचं केलं, तेव्हा गल्लीतल्या किराणावाल्यापर्यंत सगळ्यांनी पाट्या मोजायला घेतल्या. दर १ नोव्हेंबरला एका रस्त्यावर कर्नाटक स्थापनेच्या राज्योत्सवाची लाल-पिवळी मिरवणूक निघते आणि दुसरीकडे निषेधाच्या काळ्या फिती लावलेली मराठी माणसं. अशा गावात वाढलेल्या मुलाला अक्षर दिसलं की आधी लिपी दिसणारच.

म्हणून इंग्रजी काटेरी अक्षरांना मी हसत नाही. खडेबाजारातल्या एका डीटीपीच्या दुकानात वडगावातल्या एका ड्रमर पोराने दुकानदाराला सरळच सांगितलं होतं, “दादा, कन्नड घातलं तर आमचीच पोरं शिव्या घालतील. मराठीच ठेवलं तर दुसरी येऊन फाडतील. इंग्लिशच बरं की!” हिशेब चोख होता. इंग्रजी ही इथे कुणाचीच नाही म्हणून सगळ्यांना चालते. दुकानदारानेही मान डोलावली आणि कोरल ड्रॉमध्ये तयार पडलेली एक फाइल उघडली. त्या फाइलमध्ये आधी एका जिमची जाहिरात होती. पंख तिथलेच.

पण हिशेब चोख असला तरी सौदा महागाचा आहे. बँडची प्रतिमा हे काही गाण्यावर शेवटी चिकटवायचं लेबल नव्हे. ऐकणाऱ्याने अजून एकही सूर ऐकलेला नसताना त्याला ‘हे कोण, कुठून बोलताहेत’ याचं उत्तर तिथून मिळतं. रोलिंग स्टोन्सची ती लाल जीभ बघा. १९७० मध्ये जॉन पॅश नावाच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्याने ती काढली, मेहनताना पन्नास पौंड. पुढे २००८ मध्ये मूळ चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने विकत घेतलं. त्या जिभेवर बँडचं नाव नाही, तरी उद्धटपणा, वासना, चेष्टा सगळं एका फटक्यात पोचतं. म्हणजे पैसा लागत नाही, आपण कोण आहोत हे ठरवावं लागतं.

इतकं लांब जायची तरी काय गरज आहे? चेन्नईत २०१८ च्या जानेवारीत चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा बँड पहिल्यांदा स्टेजवर उभा राहिला. वस्तीतली ‘गाना’ गाणी, पराईचं चर्मवाद्य, रॅप असा सगळा मामला, आणि अंगावर एकसारखे सूट. सूट का, हे आपल्याकडच्या कुठल्याही भीमजयंतीच्या मिरवणुकीत नाचलेल्या पोराला सांगावं लागणार नाही. कपड्यांनीच अर्धं गाणं म्हटलेलं होतं. आपल्याच राज्यातला, कर्नाटकातला गायक रघू दीक्षित घ्या. कन्नड संतकवी शिशुनाळ शरीफांची पदं गिटारवर गाणारा हा माणूस भडक लुंगी नेसून, पायात घुंगरू बांधून परदेशातल्या महोत्सवांत उभा राहतो. त्याची भाषा न कळणाऱ्यालाही तो कुठून आला हे कळतं. कन्नड बँडला लुंगीची लाज नाही आणि आम्हाला धोतर-टोपी फक्त लग्नाच्या फेट्यापुरती आठवते, याचं मला खरोखर वैषम्य वाटतं.

‘मग काय नऊवारी आणि फेटे घालून रॉक वाजवायचं?’ असा प्रश्न लगेच येतो. नाही. तेही उसनंच झालं, फक्त मुंबईच्या टीव्ही चॅनेलवरून उसनं. सीमाभागातला चेहरा शोधायचा तर इथला माणूस दिवसभर काय करतो, ते बघावं लागेल. शहापूर-वडगावात माग आहेत. पूर्वी हातमाग होते, आता बहुतेक ठिकाणी यंत्रमाग. गल्लीत शिरलं की बोलणं ऐकू येण्याआधी त्यांची खटखट कानावर येते. उद्यमबागेत फाउंड्र्या आहेत. काळ्या रेतीच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओततानाचा उजेड एकदा पाहिलेला माणूस स्टेजवरच्या भाड्याच्या स्पार्कल मशीनकडे ढुंकून बघणार नाही. खानापूरची माती लाल, तिची कौलं आणि मडकी होतात. निपाणीत तंबाखू. कॅम्पात गोवेकर ख्रिस्ती घरांतून गिटार आणि व्हायोलिन कधीपासून वाजतंय. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रामुळे बिगुल आणि परेडचा ठेका या गावाच्या कानाला सवयीचा आहे. आणि लग्नाचा ब्रास बँड तर प्रत्येक गल्लीला पाठ.

त्या ब्रास बँडकडे जरा नीट बघा. आज आपण ज्याला बँडची व्हिज्युअल आयडेंटिटी म्हणतो, ती त्यांनी कधीच तयार करून ठेवली आहे. एकसारखा लाल किंवा निळा कोट, खांद्यावर झुरमुळ्या, डोक्यावर तुरा, मोठ्या ढोलाच्या चामड्यावर गोलाकार लिहिलेलं नाव, मधे मालकाच्या आवडीचं चिन्ह, रात्रीच्या वरातीत डोक्यावरून नेलेले दिवे. लांबून, अंधारात, गर्दीत आणि हलताना ओळखू येईल अशी ही मांडणी आहे. एखाद्या जाहिरात संस्थेत बसून लोगोच्या ज्या परीक्षा घेतात त्या सगळ्या परीक्षा हा ढोल रोज रस्त्यावर पास होतो. आमच्या रॉकवाल्या पोरांना मात्र त्या कोटाची शरम वाटते, कारण वरातीत वाजवणारा खालचा आणि कॅफेत वाजवणारा वरचा, अशी एक उतरंड आपल्या डोक्यात पक्की बसली आहे. त्यात जात किती आणि इंग्रजी शाळेची फी किती, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

चित्रकलेचं म्हणाल तर या पट्ट्याएवढी श्रीमंती थोड्या ठिकाणी असेल. शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी मूकपटांच्या काळात स्वतःच्या चित्रपटांची पोस्टरं रंगवली. त्यांना पोस्टर हे चित्रपटाचंच अंग वाटत होतं. बेळगावात के. बी. कुलकर्णी मास्तरांनी मुलांना व्यक्तिचित्रं आणि निसर्गचित्रं शिकवली, आणि त्यांच्या हाताखाली घडलेले रवी परांजपे इथून निघून देशातल्या आघाडीच्या बोधचित्रकारांत जाऊन बसले. अक्षरांचं बोलायचं तर कमल शेडगे यांनी नाटकांची नावं अशी काढली की वर्तमानपत्राच्या पानावरची ती छोटीशी जाहिरात बघूनच प्रयोग विनोदी आहे, गंभीर आहे की भयंकर आहे, हे प्रेक्षकाला कळायचं. तिथे फोटो नव्हता, धूर नव्हता, पंख नव्हते, सगळं काम देवनागरीने केलं होतं. आणि आमचे बँडवाले म्हणतात, देवनागरीत ‘हेवी’ दिसत नाही!

दिसतं. फक्त मेहनत घ्यावी लागते. अडचण अशी की आपल्या छपाईच्या दुकानांत मराठीसाठी श्रीलिपीतले तेच चार फॉन्ट आणि कन्नडसाठी नुडीतले तेच दोन, वर्षानुवर्षं. श्रद्धांजली, वाढदिवस, हळदीकुंकू आणि मेटल बँड सगळे त्याच अक्षरात. आता ही सबब उरलेली नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेले ‘अनेक’ आणि ‘बालू’ हे फॉन्टसंच देवनागरीतही आहेत आणि कन्नडमध्येही, एकाच स्वभावाचे, गूगल फॉन्ट्सवर फुकट, परवान्याची कटकट नाही. दोन लिप्या शेजारी ठेवायच्या तर थोडं अक्षरांचं भान लागतं. देवनागरी शिरोरेषेला लटकते, कन्नड अक्षर गोलाईवर बसतं. कन्नड जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन खाली उतरतं, म्हणून दोन ओळींत जागा जास्त सोडावी लागते, नाहीतर खालच्या ओळीवर ते आदळतं. आपला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, त्यांचा अर्कावत्तू अक्षराच्या नंतर येतो. फॉन्ट बदलताना तो हमखास चुकतो, आणि चुकला की कन्नड वाचणाऱ्याला तो अडाणीपणा वाटतो, कधी मुद्दाम केलेला अपमानही वाटतो. भाषांतराच्या ॲपवर विसंबू नये. बँडमधल्या कुणाचा तरी कन्नड मित्र असतोच, त्याला चहा पाजावा आणि प्रूफ वाचून घ्यावं.

इथे मला माझ्याच लोकांशी भांडायचं आहे. पोस्टरवर कन्नड घातलं म्हणजे आपण हरलो, असं मानणारी मंडळी माझ्या घरात, गल्लीत, मित्रांत आहेत. त्यांचा राग मला समजतो. सरकारी कागद आपल्या भाषेत मिळत नाही, सक्तीच्या टक्केवारीने दुकानाची पाटी झाकली जाते, तेव्हा प्रत्येक कन्नड अक्षर लादलेलं वाटू लागतं. पण सक्तीने लिहिलेलं आणि शेजाऱ्याला बोलवायला आपणहून लिहिलेलं, यातला फरक आपणच पुसून टाकला तर सक्ती करणाऱ्याचं अर्धं काम आपणच करतो. बँडच्या कार्यक्रमाला गोकाकचा, बैलहोंगलचा पोरगा यावा असं वाटत असेल तर त्याला वाचता येईल असं लिहायला नको? सर्वोच्च न्यायालयातला दावा एका गाण्याच्या पोस्टरने दुबळा होत नाही. आणि हेच तोंड वळवून पलीकडेही म्हणतो. मराठी अक्षरातलं पोस्टर हा कर्नाटकाचा अपमान नाही. दुकानाच्या पाटीचा कायदा हातात घेऊन कलेचं पोस्टर फाडायला निघणं म्हणजे निव्वळ दांडगाई.

संगीताने तर ही भिंत कधी मानलीच नाही. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. मराठी नाट्यपदांत कानडी चालींवर बांधलेली पदं आहेत, आणि ती गाताना आजवर कुणाचा धर्म बुडाला नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ मध्ये कानडी घरात जन्मलेले शिवपुत्र कोमकली पुढे कुमार गंधर्व झाले आणि मराठी माणसाने त्यांना डोक्यावर घेतलं. गाण्यात जे सहज मिसळलं ते पोस्टरवर वेगळं काढून दाखवायचं, ही खोड आपली अलीकडची.

आता किल्ल्याचा प्रश्न. म्युझिक व्हिडिओ म्हटला की पोरं राजहंसगडावर नाहीतर चोर्ला घाट ओलांडून थेट गोव्याच्या किनाऱ्यावर. गोव्याचं सोडा, तिथे देशातली सगळी गिटारं सूर्यास्तासमोर उभी राहून दमली आहेत. राजहंसगडाचं मात्र सांगायला हवं. तिथल्या शिवपुतळ्याचं अनावरण २०२३ च्या मार्चमध्ये दोनदा झालं, २ तारखेला एका पक्षाच्या हातून आणि ५ तारखेला दुसऱ्या. निवडणूक तोंडावर होती. महाराजांविषयी आदर आपल्या सगळ्यांच्याच मनात आहे, पण त्या बुरुजावर ड्रोन फिरवला की फ्रेममध्ये आदराबरोबर ही सगळी ओढाताणही येते आणि तुमचं पाच मिनिटांचं प्रेमगीत तिच्याखाली दबून जातं. गाणंच जर गडाचं, इतिहासाचं असेल तर जरूर जा. नसेल तर गड हे वॉलपेपर नव्हे.

शिवजयंतीची आपली चित्ररथ मिरवणूक मला यापेक्षा फार मोठी वाटते. रात्रभर चालणारी, गल्लीगल्लीच्या पोरांनी महिनाभर राबून उभी केलेली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर दरबार कसा बसवायचा, थर्माकोलचा दगड दगडासारखा कसा रंगवायचा, चालत्या रथावर हललं तरी न पडणारं दृश्य कसं रचायचं, हे ज्ञान या गावात घरोघरी आहे. ज्या पोराने अफझलखानाचा शामियाना बांधला आहे त्याला म्युझिक व्हिडिओचा सेट बांधता येतो. त्याला आजवर कुणी विचारलंच नाही, कारण आमचे बँडवाले आर्ट डायरेक्टर पुण्याहून शोधतात.

व्हिडिओचा बेत कसा करावा याबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण सगळा पैसा तिथेच वाया जातो. पोरं आधी कॅमेरा भाड्याने आणतात, मग ड्रोन, मग जागा, आणि आपण नेमकं काय दाखवतोय हा विचार शूटिंगच्या सकाळी चहाच्या टपरीवर. हे उलटं करायला हवं. गाणं दहा वेळा ऐकून एक वाक्य लिहावं, की बघणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शेवटी काय राहिलं पाहिजे. वडगावातल्या यंत्रमागाचं उदाहरण घ्या. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे जातो, त्याला स्वतःची लय आहे. गाण्याचा वेग त्या लयीशी जुळत असेल तर ड्रमरच्या काठीवरून कट थेट धोट्यावर. उभा ताणा हे पडद्यावरचे सरळ उभे धागे, त्यांच्या आरपार गाणाऱ्याचा चेहरा. छताच्या काचेच्या कौलातून येणारा उजेड आणि त्यात तरंगणारा कापसाचा बारीक धुरळा. त्यासाठी फॉग मशीन लागत नाही. कपडे त्याच मागावरच्या कापडाचे शिवले तर पोस्टर, व्हिडिओ आणि स्टेज यांचा धागा एकच राहतो, आणि पुढच्या गाण्याला तो धरून पुढे जाता येतं. एका गाण्यात लेदर जॅकेट, दुसऱ्यात कुर्ता आणि तिसऱ्यात गॉगल अशी गत होत नाही.

पण एक सांभाळावं लागेल. विणकर हा पार्श्वभूमीला लावायचा पडदा नव्हे. माग दोन तास बंद ठेवला तर त्याची तेवढी मजुरी बुडते, ती आधी द्यावी. त्याचा चेहरा दाखवायचा तर विचारावं, शेवटच्या नामावलीत त्याचं नाव घालावं, आणि तयार झालेला व्हिडिओ पहिल्यांदा त्याच गल्लीत भिंतीवर पडदा लावून दाखवावा. शहरातली पोरं गरिबाच्या घरात जाऊन ‘टेक्स्चर’ शोधतात तेव्हा मला चीड येते. त्यातली निम्मी टाळायची असेल तर पैसे आणि नाव, या दोन गोष्टी पुरतात.

ड्रोनबद्दल एक जाता जाता. २०२१ च्या नियमांनी आकाशाचे लाल, पिवळे, हिरवे पट्टे केले आहेत. सांबऱ्याचा विमानतळ आणि शहरातली लष्करी हद्द लक्षात घेता बेळगावात उडवण्याआधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघितलेला बरा. लग्नाचे व्हिडिओवाले बघत नाहीत हे मला ठाऊक आहे.

व्हिडिओ आडवा बनवला तरी बघणारा तो उभ्या फोनवर तुकड्यातुकड्यांनीच बघणार. तेव्हा शूटिंग करतानाच दोन-चार प्रसंग उभ्या चौकटीत घ्यावेत, नंतर कापून डोकी तोडू नयेत. यूट्यूबच्या थंबनेलवर नाव खाली उजव्या कोपऱ्यात घालू नये, तिथे वेळेचा आकडा बसतो आणि अर्धं नाव गिळतो. गाण्याचं कव्हर तीन हजार बाय तीन हजार पिक्सेलचं करतात, पण ते दिसतं अंगठ्याच्या नखाएवढं. म्हणून त्यावर एकच गोष्ट हवी. आमची सवय अशी की कव्हरवरही ‘ऑर्डरसाठी संपर्क’ आणि मोबाइल नंबर. ऑनलाइन गाणी पोचवणाऱ्या सेवा असं कव्हर सरळ परत पाठवतात, आणि मग पोरांना वाटतं की आपलं गाणं मराठी म्हणून नाकारलं!

एआयने केलेल्या चित्रांचं नवं खूळ आलं आहे. फुकट आहे, झटपट आहे, आणि त्यातला प्रत्येक मावळा जिममधून आल्यासारखा दिसतो. त्यातली देवनागरी बघितली की अंगावर काटा येतो. जिथे अक्षरावरून लाठ्या खाल्ल्या गेल्या त्या गावाने तरी मोडकी अक्षरं खपवून घेऊ नयेत.

राहिला मुख्य मुद्दा, पोस्टर कुणाचं? गणेशोत्सवातलं किंवा कॉलेजच्या गॅदरिंगमधलं पोस्टर आठवा. वरच्या ओळीत मोठे नेते, त्याखाली त्यांचे उजवे-डावे, मग नगरसेवक, मंडळाचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, हात जोडलेले, गॉगलवाले, मोबाइल कानाला लावलेले. सर्वांत खाली ‘शुभेच्छुक’ यांच्या वर कुठेतरी बँडचं नाव, तेही गिटारच्या क्लिपआर्टसह. कर्नाटकात २०१६ पासून फ्लेक्सवर बंदी आहे, हे त्या फ्लेक्सला कुणी सांगितलेलं नसतं. पैसे देणारा म्हणतो, माझा चेहरा हवा. मंडळ म्हणतं, भगवा हवा. संस्थाचालक म्हणतात, वाद नको, इंग्रजीत करा. पोलीस परवानगीसाठी गेलं की तिथे आणखी एक सूचना. एवढ्या सगळ्यांच्या हातून जाऊन जे उरतं त्यावर बँडचा हक्क तो काय राहणार?

माझी मागणी साधी आहे. मंडळांनी आणि महाविद्यालयांनी बँडला बोलावताना आधीच ठरवावं की पोस्टरचं चित्र बँडचं. देणगीदारांना खाली एक पट्टी, सगळ्यांची नावं सारख्या आकारात, चेहरे नकोत. लिपी कुठली हे बँड आणि त्याचे श्रोते ठरवतील. मराठी-कन्नड दोन्ही, नुसती मराठी, किंवा त्यांना खरंच इंग्रजीत गायचं असेल तर इंग्रजी. मात्र घाबरून नको. फ्लेक्सऐवजी कागदावर किंवा कापडावर करा. गल्लीत अजून हाताने रंगवणारे एखाद-दुसरे पेंटर आहेत, त्यांना काम द्या. चार कापडी फलक हाताने रंगवून घेतले तर त्यांचेच फोटो ऑनलाइनही चालतात, आणि ते कुणाच्या तयार फाइलसारखे दिसत नाहीत.

काही मंडळांचे कार्यकर्ते म्हणतील, चेहरे काढले तर देणगीच बंद होईल. काही ठिकाणी होईलही. तिथे तिकीट लावा. शंभर रुपये देऊन नाटक बघणारं हे गाव होतं, अजून आहे. फुकटच्या कार्यक्रमात नेत्याचं भाषण ऐकून मग गाणं ऐकण्यापेक्षा माणसं पैसे देऊन नुसतं गाणं ऐकतील, असा माझा भरवसा आहे.

आणि पोस्टर फाडलं गेलं तर? जाईल कधीतरी, एकीकडून किंवा दुसरीकडून. तेव्हा बँडच्या पोरांना फोन करून ‘तुम्ही जरा काढूनच टाका’ म्हणायचं नाही. ज्याने कार्यक्रम ठेवला त्याने पोलिसांत जायचं, पुन्हा छापायचं, पुन्हा लावायचं. त्या दुसऱ्या छपाईचा खर्च कार्यक्रमाच्या बजेटमध्ये मंडप आणि साउंडच्या शेजारी आधीच धरायचा, म्हणजे तो वडगावातल्या त्या ड्रमरच्या खिशातून जाणार नाही.